झावळ्यांच्या रविवारानंतर

क्लिअर फोर्क, इंडियाना
मंगळवार, १३ एप्रिल १९६५

ती. ऑर्फाताईस,
प्रभूच्या शांतीत सॅलोमाचा सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू चष्मा पुसून सावकाश वाचशील. कोपर खरचटलं आहे, डाव्या कानात अजून घूं घूं होतं, बाकी धड आहे. हा कागद पेंडीच्या पावतीचा आहे, पाठकोरा होता म्हणून घेतला. पेन्सिल शेजारच्या पेरीच्या मुलीची. माझं म्हणावं असं या घडीला अंगावरचा काळा झगा आणि डोक्यावरची टोपी. टोपीचाही एक बंद तुटला आहे.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टर आठवड्यावर असताना, संध्याकाळी वादळ आलं. तुमच्याकडे कळलंच असेल की इंडियाना, मिशिगन, तुमचं ओहायो, सगळीकडे एकाच संध्याकाळी आभाळातून वावटळीच्या सोंडा उतरल्या. एक गेली की दुसरी. आमच्या रस्त्यावरून दोन गेल्या असं पेरी म्हणतो. मला एकच ऐकू आली, पण ती संपता संपेना. घर गेलं. पडलं असं नाही लिहीत, गेलं. जोतं आहे, त्यावर चूल आहे आणि चुलीवर दुपारची किटली जागच्या जागी आहे. भिंती कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. कोठाराचं छप्पर पेरीच्या गव्हात पडलं आहे. घोडी ओढ्यापलीकडे चरताना सापडली, तिला ओरखडाही नाही. कोंबड्या आहेत, काहींच्या अंगावर पिसं नाहीत. त्या एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत, लाजल्यासारख्या.

समोरची मॅटी गेली. आपल्या खुर्चीतच सापडली, घराखाली. आज तिला मूठमाती दिली. बिशप मेनो तिचे सख्खे भाऊ, तेच प्रार्थना म्हणाले. ताई, एनॉस गेला आणि मी विधवा झाले, तेव्हापासून रोज निजायच्या आधी मी खिडकीतला दिवा वरखाली करायची आणि समोरून ती तिचा करायची. बोलणं असं आमचं फारसं नव्हतं. ती आपली गप्पच. पण दिवा कधी चुकला नाही. आता पेरीच्या घरी मला खिडकीशी बिछाना दिला आहे, आणि मी सवयीने तिकडे बघते.

मी तळघरात होते म्हणून वाचले. तिथे कशी पोचले ते पुढे लिहीन, आत्ता ही पावती संपत आली. एझ्राभावजींना नमस्कार सांग. माया असू दे. यापुढे ती जरा जास्त लागेल.

तुझी,
सॅलोमा

० ० ०

शुगर रन, ओहायो
१७ एप्रिल १९६५

चि. सॅलोमास,
ऑर्फाचे अ. आ. वि. वि.

तुझी पावतीची चिठ्ठी मिळाली. ती मिळेपर्यंत मी काय केलं ते विचारू नकोस. पाव रोज जाळला. तुझे भावजी म्हणाले की सॅलोमा सुखरूप आहे असं लवकर कळू दे, नाहीतर मला कोळशावरच उन्हाळा काढावा लागेल. कळल्यावर मात्र तेच कोठारात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मॅटीचं वाचून वाईट वाटलं. मंडळीच्या नियमाला इतकी पक्की बाई मी दुसरी पाहिली नाही. देवाने तिला बसल्या जागी नेलं, त्याच्या मनात असेल तसं.

आता ऐक. मी मोठी आहे, तेव्हा मधे बोलू नकोस. तू इकडे ये. मागचं छोटं घर, एझ्राच्या आईचं, रिकामंच आहे. मी त्याला चुना दिला, खिडक्या पुसल्या, अक्रोडाचा पलंग खाली आणवला. चूल धूर करत नाही. मळ्यात तुझ्यासाठी वाफा वेगळा ठेवला आहे, त्यात तू काय लावणार यावर मी बोलणार नाही, फार झालं तर थोडंसं बोलेन. तिकडे तुझं कोण आहे? एनॉस मातीत, मॅटी मातीत. आणि मुलगा म्हणावा तर टोब असून नसल्यासारखा. सहा वर्षं झाली त्याला आपली घोडागाडीची मंडळी सोडून मोटारवाल्यांच्या मंडळीत जाऊन. बाप्तिस्मा घेऊन, गुडघे टेकून शब्द दिला आणि मोडला, मग मंडळी त्याला वाळीत टाकणार नाही तर काय करणार? तो रविवारी दुपारी फाटकाशी मोटार थांबवून उभा राहतो आणि तू पडवीतून त्याच्याकडे बघत बसतेस, असं तूच लिहिलं होतंस. याला काय राहणं म्हणतात, सॅलोमा? आणि आता तर पडवीही नाही.

आपल्या सगळ्या बहिणींची पत्रं घालून एकीकडून दुसरीकडे जाणारं फिरतं पाकीट या खेपेला तुझ्याकडेच होतं ना? उडालं असेल तर उडू दे. माझ्या पत्रात मी धाकटी सून भाजते त्या सफरचंदाच्या ‘पाय’बद्दल चार शब्द लिहिले होते, ते वाऱ्यावर गेलेलेच बरे.

सोबत सुती कापड आहे, टोपीसाठी. उत्तर ‘येते’ एवढंच आलं तरी चालेल. आशीर्वाद आहेत, ते घ्यायला प्रत्यक्ष ये.

ऑर्फा

० ० ०

क्लिअर फोर्क
२६ एप्रिल १९६५

ती. ऑर्फाताईस,
सॅलोमाचा कृतज्ञतेने सा. न. वि. वि.

कापड मिळालं, टोपी शिवली, उरलेल्या तुकड्यात दोन रुमाल निघाले. आधी तुझ्यासाठी एक वाईट बातमी. फिरतं पाकीट मिशिगनमध्ये सापडलं. सगळं नाही, तुझं एकच पत्र, एका शेतकरणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात. तिने ते वाळवून, इस्त्री करून, वरच्या पत्त्यावर परत पाठवलं, आणि सोबत लिहिलं की तुमच्या बहिणीला सांगा, माझ्या सुनेच्या ‘पाय’च्या कडाही अशाच चामड्यासारख्या होतात. तेव्हा आता दोन राज्यांत कळलं आहे. इथे बायका किती दिवसांनी हसल्या.

घराचं काम सुरू झालं आहे. काय माणसं आली आहेत, ताई. पेनसिल्व्हेनियातून बसने, कॅनडातून, तुमच्या बाजूचेही कितीतरी. कोणी कोणाला ओळखत नाही, नाव विचारत नाहीत, हातोडा उचलतात. पेरी मुकादम आहे. मी कॉफी करते आणि वाकडे खिळे गोळा करून सरळ करते. पेरी म्हणतो, सॅलोमा, खिळे फुकट आले आहेत, पेटीच्या पेट्या. मी म्हटलं, फुकट आले म्हणून वाकडे टाकायचे?

टोबही येतो. घरं बनवायच्या कारखान्यात काम करतो ना तो, त्या चाकांवरच्या घरांच्या. संध्याकाळी सुटला की इकडे. पेरीने त्याला छपराची पलीकडची बाजू दिली. आपली माणसं त्याच्या हातून काही घेऊ शकत नाहीत, म्हणून खिळे हवे झाले की पेरी डबा फळीवर ठेवतो आणि वळतो; मग टोब उचलतो. परत देताना टोब फळीवर ठेवतो आणि वळतो. दोघं लहानपणी एका घोड्यावर शाळेत गेले. आता फळीशी बोलतात. पेरी फळीला म्हणतो, ओळंबा बघ रे, भिंत तुझ्या बापासारखी झुकते आहे. आणि पलीकडून हसू ऐकू येतं.

त्याची बायको जोअ‍ॅन शेवयांचं मोठं पातेलं घेऊन येते. तिच्याबरोबर मी एका टेबलाशी बसून जेवते, त्याला नियमाची आडकाठी नाही, कारण ती कधी आपली नव्हतीच. टोबबरोबर बसता येत नाही, कारण तो आपला होता. जोअ‍ॅनला हे समजावून सांगताना माझी जीभ अडखळली. तिने माझ्या ताटात अजून वाढलं.

आता तळघराचं. रविवारची उपासना पेरीकडे होती, तिथून जेवून मी घरी आले. हवा अशी कोंदलेली की घाम वाळेना. संध्याकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तेव्हा टोबची मोटार भोंगा वाजवत आली आणि फाटकाशी न थांबता सरळ अंगणात. सहा वर्षांत ती आत आली नव्हती. त्याच्या मोटारीत रेडिओ आहे, त्यावर वादळाचं सांगत होते. तो ओरडला की आई, गाडीत बस, पलीकडच्या गावापर्यंत आलंय. मी म्हटलं, त्या गाडीत मला बसता येत नाही, तुला माहीत आहे. तो म्हणाला, बिशपना मी समजावीन. मी म्हटलं, प्रश्न बिशपचा नाही. आभाळ हिरवं पडलं होतं आणि आम्ही मायलेक अंगणात वाद घालत होतो. शेवटी तो म्हणाला, बरं, मग मीही जात नाही. मोटारीचं दार उघडंच टाकून माझ्यामागे तळघरात उतरला. मोटार नंतर ओढ्यात सापडली, चाकं वर. आम्ही तिच्यात बसलो असतो तर, हे वाक्य मी कोणापुढे पुरं करत नाही, कारण लोक त्यातून लगेच धडा काढतात.

आवाज थांबला तेव्हा दारावर नासपतीचं झाड पडलेलं. बाहेर पडता येईना. टोबचे दात वाजत होते. केवढा मोठा माणूस, पण दात वाजत होते. त्याने अंधारात चाचपून पीचची बरणी काढली, झाकण उघडलं, रस प्यायला, आणि बरणी माझ्यापुढे धरली. मी घेतली, ताई. त्याच्या हातून. मग त्याने, मग मी, एकाच बरणीतून, बोटांनी, संपेपर्यंत. नियम मला आठवत नव्हता असं नाही. आठवत होता.

कोणी पाहिलं नाही. पण ही गोष्ट मनात ठेवून मी मंडळीबरोबर भाकर मोडायला, प्रभुभोजनाला, बसू शकत नाही. वादळामुळे या वर्षी ते पुढे गेलं आहे. त्याआधीची मंडळीची सभा मे महिन्यात आहे, तिथे प्रत्येकाला विचारतात की देवाशी आणि मंडळीशी शांती आहे ना. भावजी तुमच्या मंडळीचे डीकन आहेत, नियम त्यांना ठाऊक, त्यांना विचारून लिही. तुझ्या छोट्या घराचं उत्तर मी मुद्दाम दिलेलं नाही, रागावू नकोस.

तुझीच, आणि तुझ्या मायेवर टेकलेली,
सॅलोमा

० ० ०

शुगर रन
१ मे १९६५

चि. सॅलोमास,
अ. आ. वि. वि.

त्या मिशिगनच्या बाईचा पत्ता पाठव. तिला ‘पाय’ची माझी कृती लिहून कळवते, सुनेला द्यायला.

पीचचं मी आधी स्वतःच ठरवलं होतं की संकटात काय धरायचं, विसरून जा म्हणून लिहावं. तरी तू विचारायला सांगितलंस म्हणून एझ्राला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे पीच हा शब्द मला तीनदा ओरडावा लागला आणि दूधवाला अंगणात उभा होता.

ते म्हणाले, सांगायला हवं. पण घाबरायचं कारण नाही. सभेत उभी राहा, घडलं ते सांग, चुकले म्हण, पुन्हा करणार नाही म्हण. माफी तिथल्या तिथे होते. आणि ते असंही म्हणाले की सॅलोमा मोटारीत बसली नाही म्हणून आज आहे, नियमाने तिला वाचवलं, हे तिने विसरू नये.

आणि व्यवहाराचं ऐक. तू इकडे आलीस तर आमच्या मंडळीत तुला घ्यायला तुमच्या बिशपची चिठ्ठी लागेल की ही बहीण शांतीत आहे. ते सगळं सरळ होईपर्यंत ती मिळणार नाही. म्हणजे तू आणि माझं मागचं घर यांच्यामध्ये एवढं एकच वाक्य आहे. तेवढं बोल आणि बस पकड. घर बांधताहेत तर बांधू दे, कोणा नव्या जोडप्याला होईल.

वाफ्यात अजून काही लावलं नाही. गवत माजतं आहे, तुझ्या जिवावर.

ऑर्फा

० ० ०

क्लिअर फोर्क
१० मे १९६५

ती. ऑर्फाताईस,
सॅलोमाचा सा. न. वि. वि.

भावजींचं म्हणणं खरं आहे. नियमाने मला वाचवलं. मी ते नाकारत नाही, रोज त्याबद्दल आभार मानते. पण त्या संध्याकाळचं एक मी तुला लिहिलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नाही. टोबला आणि मला ठाऊक आहे, आता तुला.

माझ्याकडे यायच्या आधी टोब मॅटीच्या दारात थांबला होता. तिचं घर आधी लागतं. ती खिडकीत बसली होती. त्याने भोंगा वाजवला, हातवारे केले. तिने त्याला ओळखलं, आणि पडदा ओढून घेतला. तो उतरून दाराशी गेला, दार वाजवलं, म्हणाला मॅटीमावशी, वादळ येतंय, तळघरात जा. आतून ती म्हणाली की वाळीत पडलेल्याकडून मला काही ऐकायचं नाही, परत ये, गुडघे टेक, मग बोलू. त्याने पुन्हा वाजवलं. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, भिंतीकडे. मग तो माझ्याकडे आला. तळघरात त्याने हे सांगितलं तेव्हा ती गेली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणत होता की आई, मी दार तोडायला हवं होतं का.

मॅटीला मी दोष देत नाही. सहा वर्षं त्याच्या भोंग्याला आम्ही सगळेच पाठ फिरवायला शिकलो. तो जर आधी पेरीकडे गेला असता, तर पेरीनेही तेच केलं असतं. मीही, तो माझा नसता तर.

गुरुवारी मेनो आले. मी त्यांना आपणहून निरोप दिला होता. लाकडं कापायच्या घोडीवर बसले, टोपी गुडघ्यावर. ते वाळले आहेत, सदऱ्याला बटण नव्हतं, पूर्वी मॅटी लावून द्यायची. मी पीचचं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, सॅलोमा, वादळ होतं, कोण तुझ्यावर दगड उचलणार? चुकले म्हण आणि पुन्हा असं करणार नाही म्हण, संपलं. मी म्हटलं, मंडळीचं मन दुखावलं याचं मला दुःख आहे, ते मी गुडघ्यावर सांगेन. पण पुन्हा तसंच झालं, तोच काळोख आणि तोच हात, तर मी घेणार नाही, असं वचन मला देता येत नाही. दिलं तर ते खोटं असेल आणि मी ते देवासमोर देत असेन. त्यांनी बुटाने भुसा एका बाजूला लोटला. मग म्हणाले, माझ्या बहिणीने शेवटच्या क्षणापर्यंत नियम धरला, तेवढाच मला आधार आहे. तू तिच्याकडे बघ.

ताई, तिथे मला मॅटीच्या पडद्याचं एक वाक्य बोलता आलं असतं.

मी त्यांना कॉफी दिली आणि सदरा काढून द्यायला सांगितलं. बटण लावलं. ते गेले.

सभा तेविसाव्या तारखेला आहे. तू काय म्हणतेस ते त्याआधी मिळालं तर बरं. इथे माणसं पुष्कळ आहेत, दिवसभर ठोकाठोक असते, पण बोलायला तूच.

सॅलोमा

० ० ०

शुगर रन
१४ मे १९६५

चि. सॅलोमास,
आशीर्वाद.

हे पत्र मी एझ्राला वाचून दाखवणार नाही.

मेनोला सांग. तुला तो हक्क आहे. सांगितलंस तर तो तुझ्याकडे ते वचन मागूच शकणार नाही. तो बिशप आहे, खरं ऐकायचं त्याचं कामच आहे. त्याच्या बहिणीला कशाने मारलं हे त्याला कळायला नको का?

आणि ते जमत नसेल तर दुसरं ऐक. वचन दे आणि इकडे ये. इकडे टोब नाहीच, त्याच्या हातून काही घ्यायचा प्रसंगच येणार नाही, मग वचन मोडणार कसं? खोटं बोलायला नको आणि चिठ्ठीही मिळेल. हसू नकोस, मी हे दोन दिवस डोकं चालवून काढलं आहे.

सॅलोमा, खरं सांगते. तुझ्यासाठी घर तयार केलं असं मी लिहिते, ते माझ्यासाठी केलं आहे. मुलं जमिनीसाठी मिसूरीला गेली, एक गेला की त्याच्यामागे दुसरा. धाकटी सून ‘पाय’ चांगला भाजत नसे, पण घरात तिचा आवाज होता. आता तीही मार्चमध्ये गेली. मी हे कोणाला लिहिलं नाही. बोलायला एझ्रा, आणि त्यांना ऐकू येत नाही. दुपारी मी मागच्या घरात जाऊन बसते, त्या पलंगावर, आणि तू काय काय बोलशील ते मनात धरते. तू तिथे वाळीतल्या मुलासाठी एकटी राहणार, त्याच्या मोटारीची वाट बघत. त्यापेक्षा दोघी म्हाताऱ्या एकत्र भांडत बसू. तो तरुण आहे, त्याला बायको आहे. मला कोण आहे?

ये.

ऑर्फाताई

० ० ०

क्लिअर फोर्क
३१ मे १९६५

ती. ऑर्फाताईस,
सॅलोमाचा पाया पडून सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी झग्याच्या आत ठेवून सभेला गेले. एवढं तरी मला बळ हवं होतं.

माझी पाळी आली तेव्हा उभी राहिले. सगळं सांगितलं, बरणीसकट. मंडळीला दुखावलं म्हणून गुडघे टेकून क्षमा मागितली. मग मेनोंनी विचारलं की पुन्हा करणार नाहीस ना. मी म्हटलं, रोजचा नियम मी पाळेन, काल पाळला तसा उद्याही. पण मरणाच्या दारात माझ्या मुलाचा हात पुढे आला तर तो मी परतवीन, असं मी बोलू शकत नाही. मेनो म्हणाले, दुसरं काही सांगायचं आहे का? माझ्याकडे असं बघत होते, जणू काही राहिलं आहे हे त्यांना कळलं होतं. मी नाही म्हटलं.

तू म्हणशील वेडी. पण ताई, त्या माणसाच्या घरात आता त्या एका गोष्टीशिवाय काही उरलेलं नाही, की बहीण विश्वासात गेली. ती गेलीही विश्वासातच. ते मोडून माझी सुटका करून घेतली असती तर मग मी टोबच्या समोर तरी कशी बसले असते? आणि टोबनेही सांगितलं की आई, त्यांना नको कळू देऊस. दार न तोडल्याचं तो जन्मभर घेऊन फिरणार आहे, आणि त्यानेच हे सांगितलं.

तुझी दुसरी युक्ती चांगली होती. मी हसले नाही. पण मी ते वचन देऊन तिकडे आले असते तर मी त्याच्यापासून पळून आले, असं त्याला वाटलं असतं. सहा वर्षं तो फाटकापर्यंत येत राहिला. फाटकच उचलून ओहायोला नेणं मला जमलं नाही.

निर्णय असा की या प्रभुभोजनाला मी बसायचं नाही. वाळीत नाही, थांबवलेली. शरद ऋतूत पुन्हा विचारतील. तोवर चिठ्ठी नाही. म्हणजे मी येत नाही, ताई. मागच्या घरात आता कोणाला तरी ठेव. तुझं पत्र पुन्हा वाचलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून ते मी पुन्हा वाचत नाही.

सोमवारी सकाळी मला वाटलं, कामावर कोणी येणार नाही. पेरी सगळ्यांच्या आधी आला होता. म्हणाला, सभा सभेच्या ठिकाणी, छप्पर छपराच्या ठिकाणी. बायकांनी सफरचंदाचे ‘पाय’ भाजून आणले, नमस्कार केला, पण बाकावर माझ्याशेजारी जागा सोडून बसल्या. मनात काही नसतं त्यांच्या. काय बोलावं कळत नाही.

घर झालं. दोन खोल्या आणि पडवी. काल रविवारी मी पहिल्यांदा तिथे जेवण केलं. पेरीने न सांगता उरलेल्या फळ्यांची दोन टेबलं करून ठेवली आहेत, एकाच उंचीची. टोब फाटकापाशी थांबला तेव्हा मी पडवीतून हात केला, तो आत आला. जोअ‍ॅन आणि मी एका टेबलाशी, तो दुसऱ्या. त्याच्या हातून काही घेतलं नाही, त्याला हातात काही दिलं नाही. वाडगं माझ्या टेबलाच्या कडेला ठेवायची, तो उचलून घ्यायचा. बटाटे, कोंबडी, शेवया. मीठ कमी आहे, असं तो म्हणाला. सहा वर्षांत माझ्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

दोन्ही टेबलांवर मी एकच चादर अंथरली होती. नियमाला दोन टेबलांमध्ये फट हवी; चादरीखाली ती किती आहे, मी काही मापली नाही.

ते गेल्यावर भांडी घासली. समोर मॅटीच्या जोत्यावर गवत यायला लागलं आहे. दिवा लावला, आणि उगीच खिडकीशी जरा धरून उभी राहिले.

रागावली असशील तर रागावून लिही, पण लिही.

सॅलोमा

० ० ०

शुगर रन
८ जून १९६५

चि. सॅलोमास,
तुझ्या थोरल्या बहिणीचे अ. आ. वि. वि.

रागावले. पलंग परत वर नेला, त्यासाठी शेजारच्या दोन मुलांना बोलावलं, आणि एझ्राने विचारलं की सॅलोमा कधी येते, तेव्हा मी ओरडून सांगितलं की येत नाही. ते म्हणाले, काय? मला ते पुन्हा ओरडावं लागलं. दुसऱ्यांदा माझा आवाज फुटला आणि त्यांनी काहीतरी दुसरंच ऐकलं असं दाखवून माझ्यासाठी पाणी आणलं.

मग चार दिवस मी तुला मनात बोलले, सगळं या कागदावर मावणार नाही. मी असते तर मेनोला सांगितलं असतं. मी वचनही देऊन टाकलं असतं. तू लहानपणापासून अशीच, उष्टं ताटसुद्धा खोटंखोटं धुवायची नाहीस. आता जे आहे ते आहे. मेनोला जे कळू द्यायचं नाही ते मी एझ्राला किंवा कोणालाही सांगणार नाही, ते माझ्याबरोबर जाईल.

मक्याची कापणी झाली की मी येते. बसने. एझ्राला शेजारी सांभाळतील, त्यांनाही जळका पाव खाऊ घालणारी दुसरी बाई बघू दे. तुझ्यासाठीचा वाफा मी कोबीला दिला आहे, त्यातले दोन गड्डे आणीन, इथून तिथे कोबी नेणारी वेडी मीच. थांबवलेल्या बहिणीबरोबर जेवायला नियमाने हरकत नाही, मी खात्री करून घेतली आहे. तेव्हा मी तुझ्या आणि जोअ‍ॅनच्या टेबलाशी बसणार. पण मला त्या बाजूची खुर्ची दे जिथून टोब समोर दिसेल. त्याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं.

आणि त्या टेबलांमधल्या फटीचं. ती तू मापली नाहीस, तर मी आल्यावर माझ्याकडूनही मापून घेऊ नकोस. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.

ऑर्फा